जोडाखालची वाळू

मित्रांनो, भिंतीवरच्या जुन्या नकाशाकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. पहिल्यांदा बघतात तेही बहुधा शेजारचं घड्याळ बघता बघता. मी तसाच एक जुना नकाशा आहे. कागदाचा, मागून कापड लावलेला, उजव्या कोपऱ्यात चहाचा गोल डाग पडलेला. सध्या मला एका कपाटात गुंडाळून उभं केलं आहे. इथे अंधार आहे, डांबराच्या गोळ्यांचा वास आहे आणि वेळच वेळ आहे. म्हणून म्हटलं, तुम्हाला माझी गोष्ट सांगावी. पण ऐकायची तर नीट बसून ऐका. मधेच उठून गेलात तर मी पुन्हा पहिल्यापासून सांगणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

माझा जन्म दोनदा झाला. आधी डावा कागद छापला, मग उजवा. आमच्या दरीत एक मोठं तळं आहे, तीन टेकड्या आहेत, एक ओढा आहे आणि जमिनीचे दोनशे बारा तुकडे आहेत. एवढं सगळं एका कागदावर मावेना, म्हणून छापखान्याने दोन कागद केले. शाई ओली होती तेव्हाचं मला अजून आठवतं. मला दोरीवर वाळत घातलं होतं. कुठूनसा वारा येत होता. ओढा हळूहळू सुकत होता, टेकड्यांच्या रेषा अंगात मुरत होत्या, आणि मला वाटत होतं की आपण कागद नाहीच, आपणच ती दरी आहोत आणि आपल्यावर आत्ता कुठे उजाडतंय. लहानपणी सगळ्यांनाच असं काहीतरी वाटत असावं. पुढे उतरतं.

मला विकत घेतलं ते एका नवरा-बायकोने. सगळे त्यांना दादा आणि वहिनी म्हणायचे, म्हणून मीही तसंच म्हणतो. दोघांना एकच वेड होतं. दरीतल्या रानटी जिवांसाठी जमीन विकत घ्यायची आणि तिला हात न लावता तशीच राहू द्यायची. त्यासाठी त्यांनी एक छोटी संस्था काढली. लोक हसायचे. "जमीन घ्यायची आणि तिच्यात काहीच करायचं नाही? मग घ्यायची कशाला?" असं विचारायचे. दादा शांतपणे सांगायचे, "तेच तर करायचंय. काहीच नाही."

मला चिकटवलं तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. त्या दिवशी जे झालं ते माझ्याशिवाय एकाच माणसाला माहीत होतं. दादांनी जुन्या सामानाच्या दुकानातून एक लाकडी चौकट आणली होती, कडेने वेलबुट्टी कोरलेली. स्वारी अगदी खुशीत होती. "बघ, जशी काही याच्याचसाठी बनवलीय!" वहिनींनी नजरेनेच मोजलं. चौकट दोन बोटं लहान होती. 

जेवणाच्या टेबलावर दोन्ही कागद पसरले. डाव्या कागदाला जोडासाठी एक बारीक कोरी पट्टी सोडलेली होती. तिच्यावर दादांनी खळ लावली. हात सढळ, त्यामुळे खळ पट्टीबाहेरही पसरली. "तू उजवा कागद धर," ते म्हणाले, "आणि तुझ्याकडे ओढून धर हं. फक्त कोरी पट्टी झाकली गेली पाहिजे." वहिनींनी ओढून धरला. दादा ब्रश धुवायला मोरीकडे वळले. तेवढ्यात वहिनींनी उजवा कागद हळूच दोन बोटं आत सरकवला आणि तळव्याने दाबून टाकला. दादा परत येऊन बघतात तर मी चौकटीत फिट्ट बसतोय. "बघ, म्हटलं नव्हतं मी!" दादा म्हणाले. वहिनी नुसत्या हसल्या. चौकट परत द्यायला लागली असती तर नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं असतं, ते त्यांना बघवलं नसतं. एवढंच त्यामागे होतं, दुसरं काही नाही.

आता दोन बोटं म्हणजे काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. माझ्यावरचं एक बोट म्हणजे जमिनीवरची दीडशे पावलं. म्हणजे तीनशे पावलांची दरी जोडाखाली गेली. एक टेकडी जरा सडपातळ झाली. एक तिरका रस्ता मधेच तुटल्यासारखा दिसायला लागला. खळीने कागद ताणला असेल म्हणून दादांनी तो शाईने सरळ केला. आणि तळ्याच्या काठचा, एकशे चौदा नंबरचा एक छोटा तुकडा मात्र आख्खाच्या आख्खा आत गेला. तळं आणि त्या तुकड्याच्या पलीकडचा दगडी बांध माझ्यावर एकमेकांना जवळजवळ चिकटले. अंथरुणात खडा राहिला की कुठल्याही कुशीवर टोचतो ना, तसा तो तुकडा मला टोचत राहिला. सांगणार कुणाला? नकाशाला सगळं दाखवता येतं, बोलता येत नाही.

संस्थेचं ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. खाली दिवसभर पंपाची फुसफुस आणि घंट्यांची टिंगटिंग. वर एक टेबल, दोन कपाटं, चहाची किटली आणि मी. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट माझ्यावर यायचं. आधी टेकड्या ऊबदार व्हायच्या, मग तळं, मग सगळ्यात शेवटी ओढा. मला गुंगी यायची. रेषा सैल व्हायच्या. तळ्याचा निळा रंग काठ सोडून थोडा हलतोय असं वाटायचं, कुठूनतरी गवताचा वास यायचा, आणि खालच्या घंट्या फार लांबून, दरीच्या दुसऱ्या टोकाकडून ऐकू यायच्या. त्या उन्हाने माझे रंग खाल्ले, हे मला फार उशिरा कळलं.

संस्थेने जमीन घेतली की दादा तिच्यावर हिरवी टाचणी खोचायचे. घ्यायची असेल तर पिवळी. आणि एखादी जागा हातची जाऊन तिथे गोदाम नाहीतर खाण झाली, की लाल. हिरवी टाचणी टोचली तरी गोड लागायची. लाल टाचणी खोचताना दादा माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. पाचवी हिरवी टाचणी तळ्यात बसली तेव्हा दादांनी सायकलवाल्यासकट सगळ्यांना पेढे दिले होते.

मग एका थंडीत दादा आजारी पडले आणि पुन्हा जिना चढून वर आले नाहीत.

वहिनी महिनाभराने आल्या. आल्या त्या सरळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि खूप वेळ उभ्याच राहिल्या. त्या दिवसापासून मला पुसायचं काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. रोज सकाळी मऊ ब्रशने आधी वेलबुट्टी, मग मी. कोणी माझ्याकडे हात नुसता नेला तरी ओरडायच्या, "हात नको लावू! ह्यांनी स्वतः चिकटवलाय तो." दरीत जाणं मात्र त्यांनी सोडून दिलं. दादांशिवाय तिथे जायला पाय उचलत नाही म्हणायच्या. दरी त्यांच्यासाठी आता माझ्यापुरतीच उरली होती. मला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. कारण मी दोन बोटं खोटा होतो.

दादांचं काम त्यांच्या धाकट्या भावाने हाती घेतलं. वहिनी त्यांना भावजी म्हणायच्या. भावजींनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे गुण दिल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. वर्षाला जेमतेम एक जमीन घेता येईल एवढीच देणगी जमायची. तेव्हा कुठली आधी घ्यायची याचा त्यांनी गुणतक्ता केला. माझ्यावरचे नंबर वाचून एकेक तुकडा उतरवून काढला. झाडांना दहा गुण, पाण्याला दहा, आकाराला दहा, पक्ष्यांना दहा, रस्त्यापासून लांब असल्याचे दहा. एका झऱ्याला त्यांनी पाण्याचे साडेनऊ दिले. अर्धा का कापला म्हणून वहिनींनी विचारलं, तर म्हणाले, "उन्हाळ्यात बारीक होतो." एकशे तेरानंतर एकदम एकशे पंधरा आला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून मला नाक लावून बघितलं. मी श्वास रोखून धरला. "कारकुनाने एक नंबर गाळलेला दिसतोय," असं म्हणून ते पुढे गेले. वाईट वाटायचं ते वाटलंच, पण त्यांचा तरी काय दोष? माझ्यावर जे नाही ते त्यांना कसं दिसणार?

आता कासवांचं सांगतो. तळ्यात जुनी मोठी कासवं होती. आपण तळं घेतलं, ती सुखात आहेत, असं सगळ्यांना वाटत होतं. पण कासव पाण्यात राहिलं तरी अंडी पाण्यात घालत नाही. त्याला कोरडी, उन्हाने तापलेली वाळू लागते. ती वाळू कुठे आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. तो शोध घेत होता संस्थेचा दरीत फिरणारा माणूस. त्याला सगळे सावकाश म्हणायचे. त्याला कुठलंही काम सांगितलं की तो म्हणायचा, "करू, सावकाश." पन्नाशी उलटलेला, काटक, आणि मोजायची त्याची स्वतःची पद्धत. डाव्या खिशात खडे भरायचे, आणि पंचवीस पावलं झाली की एक खडा उजव्या खिशात टाकायचा. बोलता बोलता, शीळ घालता घालता चालला तरी त्याचा खडा चुकायचा नाही.

त्या वर्षी तक्त्यात पहिली आली होती टेकडीवरची राई. तीनशे उंच झाडं, खाली सावली, पक्ष्यांचा नुसता गलका. पन्नासात एकेचाळीस गुण. राईची मालकीण म्हणजे निवृत्त पोस्टमास्तरीण बाई. ती विकायला तयार होती, आणि भावजी तर राईचा फोटो माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर कसा दिसेल याचीच स्वप्नं बघत होते. येत्या शनिवारी सौदा पक्का व्हायचा होता.

सोमवारी दुपारी सावकाश जिना चढून वर आला. चेहरा उन्हाने रापलेला, पण डोळे नुसते चमकत होते. "सापडली," तो म्हणाला. एक मोठी कासवीण सकाळी पाण्यातून बाहेर आली आणि तो तिच्यामागे चालत गेला. ती थांबली की हा थांबायचा. तिने मान वळवली की हा आभाळाकडे बघायचा. चार तास असं चाललं. मग तिने दगडी बांधाला लागून वाळूत खड्डा केला, अंडी घातली, वाळू लोटली आणि आली तशी परत गेली. तिथे तसे आणखी कितीतरी खड्डे होते.

"कुठे? दाखव ना," वहिनी म्हणाल्या. 

सावकाशने उजव्या खिशातले खडे टेबलावर ठेवले. पंधरा. मग बोट माझ्यावर टेकवलं आणि तळ्याच्या काठापासून बांधाकडे सरकवायला गेला. बोट हलायच्या आतच बांध आला. त्याने पुन्हा काठावर ठेवलं. पुन्हा बांध.  त्याचं बोट बरोबर जोडावर होतं.

"पंधरा खडे," तो पुटपुटला. "पावणेचारशे पावलं चाललोय मी. आणि इथे तर काठाला लागून बांध."

भावजींनी पट्टी लावली. "अर्धं बोट. म्हणजे पंचाहत्तर पावलं. अहो सावकाशराव, कासवामागे चालताना झोप लागली असेल, खडे तसेच पडले असतील खिशात."

"माझा खडा चुकत नाही, गुरुजी."

"नकाशाही चुकत नाही," वहिनी एकदम म्हणाल्या. "ह्यांनी चिकटवलाय तो."

सावकाशने वाद घातला नाही. खडे उचलले, डाव्या खिशात भरले आणि निघून गेला. दोन दिवस मी नुसता तळमळत होतो. खळ वाळून जोडाची कड एका ठिकाणी किंचित वर आली होती. तीच फुगवता आली तर बघावं म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. मंगळवारी भावजींनी ती कड बघितली आणि तिच्यावर चिकटपट्टी मारली! काय बोलणार आता. कपाळ माझं.

बुधवारी सावकाश परत आला. या वेळी तो भराभर जिना चढला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. त्याने पंधरा खडे ठेवले. शेजारी एक लाल कापडाची चिंधी ठेवली.

"वाळूत लाल निशाणं रोवलीत," तो म्हणाला. "जागा गिरणीवाल्याची आहे. वाळूचा ठेकेदार ती घेतोय. शनिवारी कागद होणार आणि सोमवारपासून ट्रक लागणार. पुरुषभर खोल उपसणार आहेत. अंडी आहेत हो खाली. ही आत्ताची, आणि पुढची सगळी."

 खाली दुकानात कोणीतरी घंटी वाजवून बघत होतं. ऊन हळूहळू माझ्यावर चढत होतं. टेकड्या तापल्या, तळं तापलं, आणि मला वाटलं की जोडाखालून खरंच वाळूची ऊब येतेय. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांची नजर माझ्यावरून चौकटीवर गेली. वेलबुट्टीवर गेली. तिथून परत जोडावर आली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. माणसं मोठमोठे अपराध लक्षात ठेवतात आणि अशा छोट्या लबाड्या पार विसरून जातात. वीस वर्षांनी त्यांना ते जेवणाचं टेबल आठवलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "किटली ठेवा."

"चहा? आत्ता?"

"पाणी उकळू द्या नुसतं. आणि मला हा खाली उतरवून द्या."

भावजी चपापले. "वहिनी, फाटेल तो. दादाची शेवटची आठवण..."

"माहीत आहे मला कोणाची आहे ती."

त्यांनी मला चौकटीतून काढलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. किटलीच्या तोंडातून वाफ यायला लागली तसा त्यांनी माझा जोड तिच्यावर धरला.  वाफ आत शिरली. जुनी खळ मऊ पडली. काय सांगू तुम्हाला, दुखत होतं आणि इतकं बरंही वाटत होतं! सगळी खोली वाफेत धूसर झाली. मी पुन्हा ओला झालो, पुन्हा दोरीवर टांगल्यासारखा हलका झालो. वहिनी नखाने एकेक दोरा सुटावा तसा कागद सोडवत होत्या आणि मधेच पदराने डोळे पुसत होत्या. एका ठिकाणी मी फाटलो. दादांनी शाईने सरळ केलेला रस्ता पुन्हा तुटला. वहिनींच्या तोंडून "अगं आई" निघालं, पण त्या थांबल्या नाहीत.

मग उजवा कागद बाजूला झाला. खाली पट्टीभर दरी होती. वीस वर्षं तिला ऊन लागलेलं नव्हतं. बाकी मी पिवळट, विटलेला, आणि ती पट्टी मात्र छापली त्या दिवशीसारखी. तिच्यातली हिरवळ खरी हिरवी होती. तळ्याच्या काठाला, बांधाच्या अलीकडे, ठिपक्याठिपक्यांनी वाळू दाखवली होती आणि तिच्यात नंबर होता. एकशे चौदा.

भावजींनी पट्टी लावली. अडीच बोटं. त्यांनी ती उचलून पुन्हा लावली. "पावणेचारशे," ते हळूच म्हणाले. मग सावकाशकडे वळले. "माफ करा हो."

"दादाकडून चूक झाली म्हणायची," ते पुढे म्हणाले. "दादाकडून! विश्वास बसत नाही."

इथे वहिनी गप्प राहू शकल्या असत्या. कोणालाच कळलं नसतं. मी तरी कुठे सांगणार होतो? पण त्यांनी मान वर केली. "त्यांची नाही चूक. ते म्हणाले होते ओढून धर. मी आत ढकलला. चौकट लहान पडत होती. इतक्या हौसेने आणली होती हो त्यांनी..."  आणि मग, मित्रांनो, त्या रडता रडता हसायला लागल्या. त्यांच्या पाठोपाठ सावकाश हसला, मग भावजी. मी टेबलावर दोन तुकड्यांत पडलो होतो, तरी मलाही हसू येत होतं.

पण एवढ्याने काम भागलं नव्हतं. भावजींनी तक्ता काढला आणि एकशे चौदाला गुण द्यायला बसले. झाडं शून्य. पाणी शून्य. आकाराचा एक. पक्ष्यांचा एक, तोही सावकाशने एक टिटवी पाहिली म्हणून. रस्ता जवळून जातो, तरी एक दिला. बेरीज तीन. राईचे एकेचाळीस.

"वहिनी, मी काय करू? दोन्ही घेणं झेपणार नाही. आणि वाळूचा फोटो बघून कोण देणगी देणार आपल्याला? तक्ता म्हणतोय राई घ्या."

"तक्ता कधी गेलाय का वाळूत?"

"तसं नका बोलू. भावनेच्या भरात जमीन घेतली की मागाहून पस्तावायची पाळी येते. हे दादानेच शिकवलंय मला."

खरं होतं ते. वहिनी सावकाशकडे वळल्या. "दुसरीकडे कुठे घालतात का अंडी? नीट आठवून सांगा."

सावकाशने वेळ घेतला. "तीन वर्षं आख्खा काठ फिरलोय मी. एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला खडक. पूर्वेला झाडांची सावली, तिथली माती थंड. वाळू आणि ऊन दोन्ही एवढ्याच ठिकाणी आहे. दुसरीकडे नाही."

"आणि राईसारखी राई?"

"आणखी तीन आहेत. एवढ्या छान नाहीत, पण आहेत."

भावजी बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसले. टोक केव्हाच झालं होतं. मग त्यांनी तक्त्याच्या कडेला कागदाची एक पट्टी चिकटवली, कारण तक्त्यात जागाच उरलेली नव्हती, आणि त्या नव्या रकान्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'दुसरीकडे मिळेल का?' राईपुढे लिहिलं, 'तीन ठिकाणी.' एकशे चौदापुढे लिहिलं, 'नाही.' किती गुण द्यायचे म्हणून पेन्सिल वर धरून ते थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आकडा सुचत नव्हता. शेवटी त्यांनी कागद वहिनींपुढे सरकवला. "घेऊया वाळू," ते म्हणाले.

गुरुवारी वहिनी स्वतः गिरणीवाल्याकडे गेल्या आणि ठेकेदाराचाच भाव द्यायचं कबूल करून आल्या. शनिवारी कागद झाले, पण ठेकेदाराशी नाही, आमच्याशी. भावजी पोस्टमास्तरीण बाईंकडे जाऊन एक वर्ष थांबाल का म्हणून विचारून आले. "थांबते की," त्या म्हणाल्या, "माझी झाडं कुठे पळून चाललीत?" एकशे चौदावर हिरवी टाचणी बसली. मला चौकटीशिवाय, मधे नवा कापडाचा जोड देऊन, खिळ्यांनी भिंतीवर लावलं. रिकामी चौकट वहिनी घरी घेऊन गेल्या.

इथेच गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं. पण त्याच वर्षीच्या थंडीत पोस्टमास्तरीण बाई गेल्या. पुतणे लांबून आले, त्यांना वाट बघायला वेळ नव्हता. अर्धी राई लाकूडवाल्याने तोडून नेली. लाल टाचणी भावजींनी स्वतः खोचली. खोचून झाल्यावर ते माझ्यासमोर तसेच उभे राहिले. "चुकलं का हो आपलं, वहिनी?"   ती टाचणी पुढे कितीतरी दिवस मला टोचत राहिली. आजही त्या जागी भोक आहे.

पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस एकशे चौदाच्या हद्दीचे दगड रोवायचे ठरले. नंबर बघायला मी लागणार होतो. मला पहिल्यांदाच गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि जिना उतरवलं. ज्या दरीचं चित्र मी जन्मभर अंगावर मिरवलं, ती मी कधी पाहिली नव्हती. वहिनीही सोबत होत्या. कितीतरी वर्षांनी त्या तिथे चालत होत्या, सावकाशच्या काठीला धरून. आभाळ इतकं मोठं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तळ्याला खरंच काठ सोडून हलता येत होतं. मला तापलेल्या वाळूवर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. वारा माझ्याखालून जात होता. मला गुंगी आली.

भावजी माझ्यावर वाकून दगडांच्या जागा खुणावत होते. एकदम त्यांची पेन्सिल थांबली. माझ्या कडेशी वाळू हलली. बोटभर अंतरावर एक काळपट टोक वर आलं, मग दोन पंजे, मग रुपयाएवढी पाठ. त्यामागून दुसरं. त्यामागून आणखी. पहिलं पिल्लू थेट माझ्यावर चढलं. एवढंसं वजन! हिरव्या टाचणीएवढंही टोचलं नाही. त्याने बांध ओलांडला, एकशे चौदा ओलांडला, आणि निळ्या शाईच्या तळ्यात शिरलं. तिथे क्षणभर थांबलं, मान वर केली. माझा निळा रंग त्याला फसवू शकला नाही. ते तसंच पुढे गेलं, खऱ्या पाण्याच्या दिशेने.

भावजींनी नकळत हात पुढे केला, उचलून पाण्यापर्यंत पोचवायला.

"नको भावजी," वहिनी म्हणाल्या. "चालू द्या त्याला. ही वाट त्याला पायाने शिकायचीय. पंधरा-वीस वर्षांनी परत यायचंय ना इथे."

गणिताचे गुरुजी गुडघे दुखत असतानाही वाळूत बसले आणि मोजू लागले. एकसष्टपर्यंत मोजलं. मग चष्मा काढून पुसत बसले आणि मोजणं राहून गेलं. वहिनींनी हात जोडले होते. कोणाला, ते मला माहीत नाही. मी मात्र हललो नाही. माझ्यावरून जे जे जात होतं त्याला जाऊ दिलं.

आता ऑफिसात कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा नकाशा आहे. तो फार हुशार आहे, त्याला जोड नाही. भावजींचा नवा रकाना त्यातही आहे, आणि आता तो पहिला आहे. माझं काम संपलं. त्याचं दुःख नाही असं म्हणणार नाही, थोडं आहे. पण मित्रांनो, एक मागणं मागतो. तुमच्या घराजवळ एखादी उजाड जागा असेल. झाड नाही, सावली नाही, बघावंसं काही नाही. 'इथे काहीच नाही' असं म्हणायच्या आधी तिथे वर्षभर फेरी मारा. एखाद्या सकाळी कोणीतरी पाण्यातून निघून, चार तास चालून, तिथे येत असेल. त्याला दुसरीकडे जागा नसेल. आणि तुम्ही तिथे उभे असाल, तर जरा बाजूला व्हा.